खाऱ्या वाऱ्याला पुरून उरणारा बेलपाटा

किनाऱ्यालगत घर असलेल्या एका वाचकाने विचारलं आहे, ‘खाऱ्या वाऱ्याने गुलाब टिकत नाही, जास्वंदीची पानं करपतात. कुंपणाला काय लावू?’ उत्तर कोकणातल्या खाड्यांच्या काठी उभं आहे. जास्वंदीचाच भाऊबंद, बेलपाटा.

याचं फूल सकाळी उमलतं तेव्हा पिवळंधमक असतं, गळ्याशी गडद तांबूस. दिवस कलतो तसं पाकळ्यांमध्ये अँथोसायनिन हे तांबडं रंगद्रव्य साठत जातं. फूल नारिंगी, मग लालसर होतं आणि गळून पडतं. दुसऱ्या दिवशी नवी फुलं. खारी माती, लाटांचे तुषार, भरतीचं तुंबलेलं पाणी, हे सगळं तो सोसतो. बियासुद्धा समुद्रावर महिनोन्‌महिने तरंगून रुजू शकतात. म्हणूनच भारताच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत हे झाड आढळतं. हवाई बेटांवर सालीच्या वाखाचे दोर वळत, तर हलक्या लाकडाचा उपयोग होड्यांचा तोल सांभाळणाऱ्या दांड्यांसाठी होई.

पण मला सर्वांत भुरळ घालतं ते पान. हृदयाच्या आकाराचं, वरून हिरवंगार आणि पाठीला बारीक, करडी लव. जावा बेटावरच्या बायाबापड्यांनी या लवेचं मोल फार पूर्वी ओळखलं. शिजवलेलं सोयाबीन या पानांत दाबून ठेवलं की लवेत रायझोपस बुरशी जम धरते. बुरशीचे पांढरे तंतू दाण्यादाण्यांत शिरून त्यांना घट्ट बांधतात आणि वडी तयार होते. तेच टेंपे. बुरशी धरलेलं पान वाळवून जपायचं आणि पुढच्या खेपेला दाण्यांवर चोळायचं, आपण विरजण राखतो तसं. या पानांना तिथे ‘उसार’ म्हणतात. सूक्ष्मदर्शकाशिवाय, निव्वळ निरीक्षणातून हव्या त्या बुरशीला पिढ्यान्‌पिढ्या घर देणं, हे मला अस्सल जीवतंत्रज्ञान वाटतं. त्याचं श्रेय त्या अनाम स्वयंपाकिणींना मिळायलाच हवं.

तर पावसाळ्याच्या तोंडावर बेलपाट्याच्या फांद्या लावा. त्या सहज जगतात. जागा मात्र ऐसपैस द्या. जमिनीला टेकलेली फांदी मुळं धरते आणि बघता बघता जाळी माजते, तेव्हा दरवर्षी छाटणी हवीच. रोपवाटिकांतून दूरदेशीची शोभेची झुडपं आणून दर उन्हाळ्यात ती करपताना बघण्यापेक्षा, खाऱ्या पाण्याशी हजारो वर्षं जुळवून घेतलेलं हे आपलं झाड लावणं केव्हाही शहाणपणाचं.