हृदयाची गोळी, पोटॅशियम आणि इफ्तारचा दस्तरखान

अब्बांना हार्ट फेल्युअर निघालं, किंवा अम्मींचं ब्लडप्रेशर तीन-तीन औषधांनीही उतरेना, की डॉक्टर चिठ्ठीवर आणखी एक छोटी गोळी लिहितात: स्पायरोनोलॅक्टोन. मेडिकलमध्ये ती ॲल्डॅक्टोन या नावाने मिळते. कधी ती दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असते, जसं डायटॉर प्लस किंवा लॅसिलॅक्टोन. घरात सगळे तिला ‘लघवीची गोळी’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

पण ही गोळी इतर लघवीच्या गोळ्यांसारखी नाही. तिचा फायदा मोठा आहे, पण तिच्यासोबत काय खायचं आणि कोणती औषधं टाळायची, हे माहीत नसेल तर धोकाही तितकाच मोठा आहे. आपल्याकडे आजारी माणसाची इयादत करायला जाताना शहाळी आणि फळांची पिशवी नेली जाते, रमजानमध्ये खजूर आणि फ्रूट चाट रोजची असते. म्हणून हा विषय प्रत्येक घराने नीट समजून घ्यायला हवा, असं आम्हाला वाटतं.

ही गोळी नेमकं काय करते?

आपल्या मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार करतात. हे हार्मोन मूत्रपिंडाला सांगतं की मीठ आणि पाणी धरून ठेव आणि पोटॅशियम लघवीतून बाहेर टाक. हृदय कमजोर झालं की हे हार्मोन वाढतं. मग अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, दम लागतो. शिवाय त्यामुळे हृदयाच्या स्नायूत कडकपणाही येतो.

स्पायरोनोलॅक्टोन या हार्मोनला अडवते. जास्तीचं मीठ-पाणी बाहेर जातं, पण पोटॅशियम शरीरातच राहतं. लॅसिक्ससारख्या गोळ्यांचं उलट आहे, त्या पाण्यासोबत पोटॅशियमही बाहेर काढतात. म्हणूनच डॉक्टर अनेकदा दोन्ही प्रकार एकत्र देतात. इप्लेरेनोन ही याच जातीची दुसरी गोळी. अमिलोराइड वेगळ्या मार्गाने काम करते, पण पोटॅशियम तीही राखून ठेवते.

फायदा किती?

१९९९ साली ‘रेल्स’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गंभीर हार्ट फेल्युअरच्या १,६६३ रुग्णांपैकी ज्यांना नेहमीच्या औषधांसोबत ही गोळी दिली, त्यांच्यात मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी झाला. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरलेल्या मुदतीआधीच थांबवला गेला. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या ‘पाथवे-२’ या अभ्यासात दिसलं की तीन औषधांनीही न उतरणाऱ्या ब्लडप्रेशरवर चौथं औषध म्हणून हीच गोळी सर्वात जास्त उपयोगी पडते.

ब्लडप्रेशरवर तिचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. ‘चार दिवस घेतली, फरक नाही’ म्हणून बंद करू नका.

धोका कुठे आहे?

‘रेल्स’नंतर कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात डॉक्टरांनी ही गोळी भराभर लिहायला सुरुवात केली. २००४ मध्ये तिथल्या वृद्ध हृदयरुग्णांची आकडेवारी समोर आली. १९९४ मध्ये पोटॅशियम वाढल्यामुळे दर हजारी २.४ रुग्ण दवाखान्यात दाखल होत होते, २००१ मध्ये हा आकडा ११ वर गेला. मृत्यूही वाढले. गोळी तीच होती, पण अभ्यासात रुग्णांची रक्ततपासणी काटेकोर होत होती आणि ज्यांचं मूत्रपिंड फार कमजोर आहे त्यांना घेतलंच नव्हतं. बाहेर ही काळजी प्रत्येकाच्या बाबतीत घेतली गेली नाही.

रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान हवं. ५.५ च्या वर गेलं तर डॉक्टर सहसा डोस कमी करतात, आणि ६ च्या वर हृदयाचे ठोके बिघडून जीवावर बेतू शकतं. अशक्तपणा, हातपाय जड पडणं, मुंग्या येणं, नाडी मंदावणं ही लक्षणं असतात. पण बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, म्हणून तपासणीला पर्याय नाही. गोळी सुरू केल्यावर एका आठवड्याने, मग महिन्याने, आणि त्यानंतर साधारण दर तीन महिन्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासावं लागतं. ज्यांना शुगर किंवा किडनीचा त्रास आहे, त्यांनी तर अजिबात चुकवू नये.

घरातल्या या गोष्टी सांभाळा

• कमी सोडियमचं मीठ: ब्लडप्रेशरसाठी चांगलं म्हणून बरेच जण हे आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. ही गोळी घेणाऱ्याने ते टाळावं. साधं मीठच वापरा, फक्त कमी.

• गुडघेदुखीच्या गोळ्या: आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात आणि पोटॅशियम वाढवतात. मेडिकलमधून परस्पर घेऊ नका.

• पोटॅशियमचं सिरप: लॅसिक्ससोबत पूर्वी दिलेलं सिरप अजून चालू असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

• इतर औषधं: रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांनीही पोटॅशियम वाढतं. डॉक्टर ही औषधं मुद्दाम एकत्र देतात, पण मग तपासणी आणखी गरजेची होते. लघवीच्या इन्फेक्शनसाठी सेप्ट्रानसारखी गोळी कोणी लिहून दिली, तर आपण काय घेतो ते आधी सांगा.

• हकीमसाहेबांची दवा: मुलेठी, म्हणजे जेष्ठमध, जास्त दिवस घेतली तर ब्लडप्रेशर वाढतं आणि अंगात पाणी साठतं, म्हणजे गोळीच्या नेमकं उलट. काढा असो की माजून, डॉक्टरांपासून लपवू नका.

• जुलाब-उलट्या: शरीरातलं पाणी कमी झालं की पोटॅशियम झपाट्याने चढू शकतं. अशा वेळी गोळी घ्यायची की थांबवायची, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. ओआरएसमध्येही पोटॅशियम असतं, तेही विचारूनच द्या.

रमजानमध्ये काय करायचं?

खजूर सोडा, असं आम्ही म्हणत नाही. एक-दोन खजुरांनी रोजा सोडायला सहसा हरकत नसते. अडचण बेरजेची आहे. पाच-सहा खजूर, केळ्यांची चाट, वर ग्लासभर शहाळ्याचं पाणी, हे सगळं एकाच बैठकीत होतं. एका केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, शहाळ्याच्या एका ग्लासात तेवढं किंवा त्याहून जास्त. दिवसभर पाणी न प्यायलेल्या, आधीच कमजोर मूत्रपिंडावर हा भार एकदम पडतो. सफरचंद, पेरू नाही तर पपई यांचं प्रमाणही रिपोर्ट पाहून डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाने रोजा ठेवायचा का, हे रमजान सुरू होण्याआधीच विचारा, पहिल्या सेहरीच्या दिवशी नाही. परवानगी मिळाली, तर गोळीची वेळही बदलून घ्या. दिवसातून एकदाच घ्यायची असेल तर अनेकदा ती इफ्तारनंतर जेवणासोबत घेता येते. सेहरीला लघवीची गोळी घेतली तर दिवसा पाणी कमी पडून चक्कर येऊ शकते. तपासणीसाठी थोडं रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमांचं मत आहे. त्यामुळे तपासणी ईदपर्यंत पुढे ढकलायची गरज नाही.

डॉक्टरांनी नाही म्हटलं, तर बुजुर्गांना वाईट वाटतं. त्यांना समजवा की सूरह बकरामध्ये अल्लाहने आजारी माणसाला सवलत दिली आहे. बरे झाल्यावर कजा, आणि आजार कायमचा असेल तर फिदया. डॉक्टरांचं मत सोबत घेऊन आपल्या मौलानांकडून मसला समजून घ्या.

आणखी दोन गोष्टी

काही पुरुषांना या गोळीने छातीत गाठ येते किंवा दुखतं. शरमेने लपवू नका, इप्लेरेनोन देऊन हा त्रास बहुधा टळतो. महिलांना पाळी अनियमित होऊ शकते. गरोदर असलेल्या किंवा मूल हवं असलेल्या महिलेने डॉक्टरांना आधीच सांगावं.

आणि गोळी मनाने बंद करू नका. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, पाय सुजले किंवा झोपल्यावर दम लागला, तर थेट डॉक्टरांकडे जा.

अम्मी-अब्बांची ही जबाबदारी घरातल्या एकाने घ्यावी. पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहा, जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये लावा आणि सगळ्या औषधांची यादी त्यातच ठेवा. इयादतला येणाऱ्यांनाही सांगा, शहाळी आणू नका, दुआ करा.