हेडफोनचा आवाज घरच्या घरी सुधारतो : हुन्नर जुने, काम नवे

कोल्हापूरचा विमानतळ आणि गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत यांच्या जवळ असलेल्या गडमुडशिंगीसारख्या गावात आज कॉलेजच्या मुलापासून पाळीवरच्या कामगारापर्यंत अनेकांच्या गळ्यात हेडफोन दिसतो. कानावरच्या गादीचे रेक्झिन सोलवटले की आवाज पोकळ वाटू लागतो आणि चांगला चालणारा हेडफोन कचऱ्यात जातो. दुरुस्तीच्या टेबलावरही बहुधा एकच उत्तर मिळते, "नवा घ्या." आमचे म्हणणे असे की, हे उत्तर देणारा दुकानदार दारी आलेली रोजी परत पाठवतो. हे काम इंजिनिअरचे कमी आणि शिंपी, सुतार, गादीवाला यांच्या हाताचे जास्त आहे.

आत काय असते?

कानावर बसणाऱ्या हेडफोनच्या प्रत्येक वाटीत एक छोटा स्पीकर असतो. त्याचा पडदा बहुधा 40 मिलिमीटरचा, प्लॅस्टिकचा व अतिशय पातळ. मागे लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी. पण आवाज कसा येईल हे एकट्या स्पीकरवर ठरत नाही. वाटीतली हवा, कानावरची गादी आणि मागची बारीक छिद्रे यांचाही त्यात मोठा वाटा असतो. स्वस्त मालात खर्च वाचवला जातो तो बहुधा इथेच, आणि म्हणून सुधारणेला वावही इथेच आहे.

मिरजेच्या कारागिरांना हे वेगळे सांगायला नको. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली. तिथल्या सतार व तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तार तीच असते, पण घोडीवर कानस फिरवून जवारी काढली की तंबोरा बोलू लागतो. हेडफोनचेही तसेच आहे. स्पीकर तोच ठेवून त्याच्या भोवतालचे घर नीट करायचे.

काम कसे करावे?

पहिली गोष्ट गादी. गादी आणि कान यांच्यात फट राहिली की हवा निसटते आणि तबल्याचा बायाँ, ढोलकीची घुमी नाहीशी होते. तक्रारीचे मूळ आधी इथेच शोधावे. रिक्षाची सीट शिवणाऱ्याला मऊ स्पंज आणि पातळ रेक्झिन घेऊन अशी गादी सहज शिवता येईल. रेक्झिन किंवा चामड्याची गादी खालचे सूर धरून ठेवते. मखमली कापडाची गादी कानाला गार लागते, पण खालचे सूर थोडे कमी करते. गादीची जाडी बदलली तरी आवाज बदलतो, म्हणून प्रथम जुन्या मापाचीच शिवावी.

दुसरी गोष्ट, बंद वाटीतला घुमारा. रिकाम्या खोलीत बोलावे तसा आवाज येत असेल, तर वाटीच्या आतल्या पाठीवर नमद्याचा पातळ तुकडा चिकटवावा किंवा पिंजलेल्या कापसाचा हलका थर ठेवावा. कापूस ठासून भरू नये, आवाज मेल्यासारखा होतो.

तिसरी, कानाला टोचणारा तीक्ष्ण आवाज. स्पीकरच्या पुढे, गादीच्या आत, पातळ टिश्यू कागदाची एक चकती ठेवून पाहावी. हा उपाय हलका समजू नये. यामाहाच्या एनएस-10 या स्पीकरचा तीक्ष्णपणा कमी करण्यासाठी मोठमोठ्या रेकॉर्डिंग स्टुडिओंतही त्यावर टिश्यू कागद लावला जात असे.

चौथी, मागची छिद्रे. त्यांवर कागदी टेप लावून किंवा काढून खालचे सूर कमी-जास्त होतात. एका वेळी एकच बदल करावा आणि परत काढता येईल असाच करावा.

वायर बदलताना तारेवरचा लाखेचा थर जाळून मगच डाग द्यावा. एका बाजूची जोडणी उलटी झाली तर खालचे सूर फिके वाटतात. पडद्याला बोट लावू नये. लोखंडाचा कीस जवळ असू नये, चुंबक तो ओढून घेतो. ब्लूटूथ हेडफोनच्या बॅटरीला टोच किंवा उष्णता लागली तर आग लागू शकते. तिला हात लावू नये. बाहेरचा गोंगाट बंद करणाऱ्या हेडफोनची रचना कारखान्यात जुळवलेली असते, त्यात ढवळाढवळ नको.

धंदा होईल का?

अमेरिकेतील नॅथानिएल बाल्डविन यांनी 1910 च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि ते तिथल्या नौदलाने विकत घेतले. अलीकडचे उदाहरण शिकागोच्या झेडएमएफ या कंपनीचे. जपानच्या फॉस्टेक्सचा टी-50-आरपी हा हेडफोन घेऊन त्यात बदल करणे, ही तिची सुरुवात. पुढे तिने लाकडी वाट्यांचे स्वतःचे हेडफोन काढले आणि जगभर विकले. प्रत्येकाचे असे होईल असे आम्ही म्हणत नाही. पण शिंपी, सुतार आणि मोबाईल दुरुस्ती करणारा असे तिघे एकत्र बसले, तर एका टेबलाचे काम निश्चित उभे राहील.

व्यवहार चोख हवा

या कामात फसवणूक सोपी आहे, म्हणून सांगतो. आवाज नुसता मोठा केला तरी कानाला तो चांगला वाटतो. तेव्हा गिऱ्हाइकाला आधीचा आणि नंतरचा आवाज एकाच गाण्यावर, सारख्याच पट्टीत ऐकवावा. महागडी वायर घातल्याने आवाज सोन्यासारखा होतो, असली भाषा करू नये. हेडफोन उघडला की कंपनीची हमी जाऊ शकते, हे आधी सांगावे. पहिले हात आपल्या जुन्या हेडफोनवर साफ करावेत, लोकांच्या मालावर नव्हे.

यात गिऱ्हाइकाच्या कानाचेही भले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तासांपर्यंतच ऐकावे. गादी नीट बसली की बाहेरचा कलकलाट आत कमी येतो आणि आवाज फारसा वाढवावा लागत नाही. हे त्याला समजावून सांगणारा दुकानदार त्याच्या लक्षात राहील, आणि पुढचे गिऱ्हाईक तोच आणून देईल.