आसंजन-रेणू, रक्तवाहिनी-अस्तरातील
रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तर-कोशिकांवरील, इतर कोशिकांना चिकटवून धरणारी प्रथिने. त्यांना केवळ डिंक समजणे अपुरे आहे. शोथामध्ये (दाहयुक्त सुजेमध्ये) व्हीकॅम-१ हे प्रथिन अस्तरावर वाढते. रक्तातील पांढरी कोशिका त्याला चिकटली की त्याचे रेणू एकत्र गोळा होतात व अस्तर-कोशिकेच्या आत रॅक-१ हे प्रथिन कार्यान्वित होते. त्यातून ऑक्सिजनाची विक्रियाशील संयुगे निर्माण होतात, शेजारच्या अस्तर-कोशिकांना सांधणाऱ्या व्हीई-कॅढेरिनाची पकड सैल होते आणि पांढरी कोशिका ऊतकात शिरते. जणू पाहुणाच दार उघडवून घेतो. पांढऱ्या कोशिकेची बाजू झाकून ही जोडणी रोखणारे नाटालिझुमॅब अमेरिकेत २००४ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या तंत्रिकारोगावर मान्य झाले. मेंदूतील विरळा पण घातक व्हायरस-संसर्ग आढळल्याने २००५ मध्ये ते मागे घेण्यात आले व २००६ मध्ये कडक अटींवर पुन्हा उपलब्ध झाले.