चर्चा स्वस्त, बातमी महाग

संध्याकाळी मराठी वृत्तवाहिन्या लावल्या तर चर्चा भरपूर दिसते, बातमी मात्र शोधावी लागते. याचं खापर बहुतेकदा अँकरच्या चढ्या आवाजावर फुटतं. पण खरं कारण वाहिनीच्या जमाखर्चात आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात थांबवली, तो दिवस घेऊ. हा निर्णय प्रेक्षकाला समजावायचा तर कुणीतरी लासलगावच्या बाजार समितीत जाऊन उभं राहायला हवं. लिलावात भाव किती उतरला, शेतकऱ्याचा एकरी खर्च किती, हे तिथेच कळतं. त्या दिवसांत बाजारात येणारा लाल कांदा चाळीत फार टिकत नाही, म्हणून भाव पडला तरी तो विकावाच लागतो, हेही तिथेच दाखवता येतं. त्यासाठी बातमीदार, कॅमेरामन, गाडी आणि अख्खा दिवस खर्ची पडतो. हाती येतं तीन-चार मिनिटांचं पॅकेज. त्याच विषयावर पक्षांचे प्रवक्ते घरबसल्या मोबाइलवरून जोडून घेतले की जवळपास फुकटात तास भरतो. जाहिराती वजा जाता उरलेल्या चाळीसेक मिनिटांत सहा पाहुणे आणि अँकर. प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटंही येत नाहीत, आणि त्यातही एकमेकांना अडवणं आलंच. लासलगावचा भाव शेवटपर्यंत कळत नाही.

हे असंच व्हायला हवं होतं असं नाही. २००७मध्ये ‘स्टार माझा’ आणि ‘झी २४ तास’, पुढच्या वर्षी ‘आयबीएन लोकमत’ सुरू झालं, तेव्हा गडचिरोलीची किंवा बीडची घटना त्याच दिवशी राज्यभर दिसू लागली. ते मोठं काम होतं. पण बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या प्रेक्षकाला फुकट मिळतात, म्हणजे पैसा येतो तो मुख्यतः जाहिरातदाराकडून, आणि जाहिरातदार पाहतो टीआरपी. २०२० साली देशात सुमारे २१ कोटी घरांत टीव्ही होता आणि टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेची मोजणी होती सुमारे ४४ हजार घरांतली. त्यातली मराठी बातम्या पाहणारी घरं आणखी कमी. थोड्या घरांनी रिमोट फिरवला तरी क्रमवारी हलते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टीआरपी फेरफाराच्या आरोपांचं प्रकरण मुंबई पोलिसांनी पुढे आणलं, आणि वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे २०२२च्या मार्चपर्यंत बंद राहिले. आकड्यांवर एवढी मदार असताना तालुक्यातल्या स्ट्रिंगरचं, म्हणजे बातमीमागे पैसे मिळणाऱ्या बातमीदाराचं, मानधन वाढवायला कोण धजावेल?

‘लोकांना हेच हवं असतं’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. टीआरपी सांगतो की प्रेक्षक थांबला. त्याला काही कळलं का, विश्वास बसला का, हे त्यात येत नाही. शिवाय सगळीकडे एकाच वेळी तीच चर्चा असेल तर निवड कशातून करायची? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एकट्या दूरदर्शनच्या काळात तरी काय होतं? तिथला उच्चार स्वच्छ होता, पण बातमीवर सरकारचा हात होता आणि आणीबाणीत तो उघड दिसला. त्या काळाकडे परत जाण्यात काही अर्थ नाही. खासगी वाहिन्यांनी सत्तेला प्रश्न विचारायची सोय केली, ती टिकलीच पाहिजे. मात्र प्रश्न विचारायला हातात माहिती लागते, आणि माहिती बातमीदाराकडून येते. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली असताना वाहिन्यांचे प्रतिनिधी तिथून बोलत होते, म्हणून प्रशासनाला तिथल्या तिथे जाब विचारता आला.

सरकारी नियंत्रण नको म्हणून वाहिन्यांनी स्वनियमनाची व्यवस्था उभी केली, हे योग्यच. पण २०२३ साली तिथला कमाल दंड एक लाख रुपये होता, आणि एवढ्याने वचक बसतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी ऑगस्टमध्ये विचारला. दंड वाढावाच, तरी तो चुकीचं दाखवल्यावर लागतो. जे दाखवलंच नाही त्याला दंड नाही. म्हणून प्रत्येक वाहिनीने आपले पगारी बातमीदार मुंबई-पुण्याबाहेर किती आणि कोणत्या जिल्ह्यांत आहेत, हे दरवर्षी जाहीर करावं. जाहिरातदारांनीही दर ठरवताना टीआरपीच्या शेजारी तो आकडा मागावा.