सावलीचा रंग कोणता?

एखाद्या जुन्या वास्तूचे चित्र काढायला तुम्ही कधी उन्हात बसला आहात काय? बसला असाल, तर एका प्रश्नाने तुम्हाला नक्की अडवले असेल. पांढऱ्या भिंतीवरच्या सावलीला रंग कोणता द्यायचा?

एकदा हिवाळ्यात आम्ही काही विद्यार्थ्यांना घेऊन भंडारा जिल्ह्यातील पवनीला गेलो होतो. वैनगंगेच्या काठचे हे प्राचीन गाव. देवळे, घाट, किल्ल्याचा दरवाजा असे पुष्कळ काही तेथे आहे. एक विद्यार्थिनी चुन्याने रंगवलेल्या जुन्या घराचे चित्र काढत होती. छपराची भिंतीवर पडलेली सावली तिने चक्क निळी रंगवली. मुले हसली. मीही म्हणालो, "अगं, सावली कधी निळी असते का?" तिने मुकाट्याने त्यावर काळा रंग फिरवला. परतताना माझ्या लक्षात आले, की चूक माझीच होती. आणि तीही मी दरवर्षी वर्गात शिकवतो त्याच विषयात!

सावली म्हणजे अंधार नव्हे. तेथे सूर्याचे किरण सरळ पोचत नाहीत, एवढेच. मग तो भाग आपल्याला दिसतो कसा? मुख्यतः आकाशाकडून येणाऱ्या प्रकाशामुळे. हवेचे रेणू सूर्यप्रकाश विखुरतात. हे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, हे लॉर्ड रॅली यांनी १८७१ साली दाखवले. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ६५० व निळ्याची ४५० नॅनोमीटर धरा. दोहोंचे गुणोत्तर सुमारे १.४४, त्याचा चौथा घात सुमारे ४.३. म्हणजे निळा प्रकाश चौपटीहून अधिक विखुरतो. म्हणून आकाश निळे, आणि त्याच्या उजेडात न्हालेली सावलीही निळसर!

मग ती आपल्याला राखी का वाटते? भिंत पांढरी आहे हे मेंदूला ठाऊक असते. उजेडाचा रंग तो परस्पर वजा करून टाकतो.

पडताळा घ्यायचा? एका काळ्या पुठ्ठ्याला थोड्या अंतरावर दोन लहान छिद्रे पाडा. पुठ्ठा हाताच्या अंतरावर धरून, एक डोळा मिटून, एका छिद्रातून भिंतीचा उन्हातला भाग आणि दुसऱ्यातून सावलीतला भाग पाहा. एक पिवळसर, तर दुसरा निळसर दिसेल. सूर्याकडे मात्र मुळीच पाहू नका. सावली जमिनीजवळ तपासलीत, तर अंगणातल्या तांबड्या मुरमावरून परतलेला प्रकाश तिला किंचित तांबूस करतो, हेही आढळेल. ढगाळ दिवशी हा फरक जवळजवळ नाहीसा होतो.

चित्रकारांनी हे डोळ्यांनीच टिपले. फ्रान्सचा क्लोद मोने १८८४ च्या सुरुवातीला भूमध्य समुद्राकाठी, इटलीतील बोर्डिघेरा येथे राहिला. तेथील लखलखीत उन्हातले बंगले त्याने रंगवले. त्याच्या सावल्या काळ्या नसत. त्यांत निळ्या-जांभळ्या छटा असत.

याच भूमध्य समुद्रातून १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन बोटीने प्रवास करत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे रॅलींचे मत होते. रामन यांनी निकोल प्रिझममधून पाहून पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला. निळाई तरीही राहिली! प्रकाशाच्या विखुरण्याचा हा अभ्यास पुढे १९२८ च्या रामन परिणामापर्यंत आणि १९३० च्या नोबेल पारितोषिकापर्यंत पोचला.

मोठ्यांचे मत बाजूला ठेवून रामन यांनी स्वतः पाहिले. पवनीच्या त्या मुलीनेही तेच केले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिची क्षमा मागितली आणि पुठ्ठ्याचा प्रयोग सर्वांकडून करवून घेतला.

तेव्हा शिक्षकांनो, विद्यार्थ्याच्या चित्रातली सावली निळी दिसली, तर खोडण्याआधी एकदा खिडकीबाहेर पाहा.