कचऱ्यावरचा हक्क

पुण्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्या घरांचा सुका कचरा ताडपत्रीवर पालथा केलेला. कचरावेचक ताई मांडी घालून बसल्या आणि त्यांचे हात चालू झाले. पुठ्ठा डावीकडे, वर्तमानपत्रं वेगळी, वहीचे पांढरे कागद आणखी वेगळे, कारण त्यांना भाव जास्त. बाटलीचं झाकण काढायचं, उरलेलं पाणी ओतायचं, मग बाटली पायाखाली चेपायची. दोन पिशव्या मला अगदी सारख्या दिसत होत्या. ताईंनी त्या बोटांत चुरगाळल्या. कुरकुरली ती एका पोत्यात गेली, मऊ निघाली ती दुसऱ्यात. माल मिसळला की भंगारवाला सगळ्यालाच खालचा भाव लावतो, असं त्यांनी हात न थांबवता सांगितलं. चकचकीत वेष्टनांना फारसं गिऱ्हाईक नाही, तरी तीही वेगळी बांधावीच लागतात.

एवढ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हाती आलं. उघडून पाहिल्याशिवाय आत पॅड आहे की काच, हे कळत नाही. अशा पुडीवर घरातूनच लाल ठिपका काढून द्या, एवढंच मागणं कचरावेचक बायांनी या शहराकडे केलं आहे. ते अजून घरोघरी पोचलेलं नाही, याची मला लाज वाटते.

हे कसब अंगी असूनही या बाया पिढ्यान्‌पिढ्या गरीबच राहिल्या. बहुतेक जणी दलित, कित्येकींची कुटुंबं १९७२च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. कष्टात त्या कुठेच कमी नव्हत्या. पण कचराकुंडीत हात घालण्याचाही त्यांना हक्क नव्हता, चोरीचा संशय मात्र कायमचा पाठीशी. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव तिच्यामागे होते, आणि संघटनेने आधी ओळखपत्रं मिळवली. उद्योजकतेच्या चर्चेत कर्ज आणि प्रशिक्षण यांचाच गाजावाजा होतो. इथली पहिली पायरी मात्र ओळखपत्र होती, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. दारोदार जाऊन कचरा घ्यायचा, ओला कचरा पालिकेच्या गाडीत द्यायचा. घरोघरचं मासिक शुल्क आणि सुक्या मालाची विक्री, दोन्हींची कमाई बाईचीच. कुंडीतल्या उकिरड्याऐवजी दारातला ताजा कचरा हाती आल्यावर माल कोरडा राहतो, पोत्याला भाव येतो. त्यात शुल्काची जोड मिळाली की भंगाराचे दर पडले तरी महिना निभतो. अर्थात शुल्क वेळेवर मिळालं तर! महिन्याचे पैसे देताना जिन्यात घासाघीस करणारी माणसं त्याच संध्याकाळी पिझ्झा मागवतात.

कराराची मुदत सरत आली की दरवेळी पुन्हा तोच घोर: काम राहणार की ठेकेदाराच्या गाड्या येणार? ठेकेदाराला पैसे वजनावर मिळत असतील, तर त्याला वर्गीकरणाची गरजच उरत नाही. उलट, सगळं एकत्र, ओलं आणि जड असलेलंच त्याला परवडतं. ताईंची कमाई नेमकी वेगळं करण्यात आहे. तेवढ्यासाठीच त्या बाटलीतलं पाणी ओतून टाकतात.