रानफुलांतली औषधं (लेखांक ६) : सातविणीची साल आणि हिवताप

धारवाडहून कलघटगीकडे निघालं की काळ्या मातीची सपाट शेतं मागे पडतात आणि मलनाडची झाडी सुरू होते. पाऊस सरल्यावर या झाडीत सातवीण फुलते. हिरवट-पांढरे तुरे, फांदीभोवती चक्राकार पानं, तोडल्यावर पांढरा चीक आणि अंधार पडला की दूरवर जाणारा उग्र वास. आयुर्वेदातला सप्तपर्ण तो हाच. विषमज्वरात, म्हणजे पाळीने येणाऱ्या थंडीतापात, त्याची साल शतकानुशतकं दिली गेली आहे. म्हणून हिवतापाच्या औषधाचा शोध घेणाऱ्यांचं लक्ष सातविणीकडे जाणं साहजिकच होतं.

गेल्या आठवड्यात आपण अर्क कसा काढतात ते पाहिलं. आता त्याची परीक्षा. हिवतापाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत राहतो. १९७६ साली ट्रेगर आणि जेन्सन यांनी फॅल्सिपेरम जातीचा परजीवी प्रयोगशाळेत, माणसाच्या रक्तपेशींत सतत वाढवून दाखवला. त्यानंतर वनस्पतींची चाळणी सोपी झाली. वाढत्या परजीवींत अर्क मिसळायचा, त्यांचं सुमारे ४८ तासांचं चक्र पुरं होऊ द्यायचं, मग काचपट्टीवर गिम्सा रंग देऊन किती पेशी बाधित आहेत ते मोजायचं. अर्क निरोगी पेशींनाही मारतो का, हे वेगळं तपासावं लागतं, कारण विषानेही परजीवी मरतातच. पुढची पायरी उंदरांची. त्यांना बर्घाय नावाच्या परजीवीची लागण करून अर्क पाजतात.

सातविणीच्या सालीचा उंदरांवरचा असा एक अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. परजीवींवर परिणाम दिसला नाही. पण मिथेनॉलमधला अर्क दिलेल्या उंदरांची प्रकृती सुधारली, मृत्यू लांबला, आणि मात्रा वाढवली तसा हा फायदाही वाढला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. रोग्याला बरं वाटणं आणि रक्तातला परजीवी मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्वच्छ दिसतं. जुन्या वैद्यांनी जे पाहिलं ते खोटं नसावं. पण सूक्ष्मदर्शकाशिवाय त्यांना रक्तातलं दिसणार कसं?

अर्थात एका नकारावर वनस्पती निकालात काढणंही चूक. चीनमध्ये तू यूयू यांच्या गटाला आर्टेमिसिया अॅन्युआच्या अर्काचे निकाल आधी धड येत नव्हते. चौथ्या शतकातल्या गे हाँगच्या ग्रंथात ही वनस्पती उकळायला नव्हे, पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. उष्णतेने गुण जात असावा, हे तू यूयूंनी ताडलं आणि सुमारे ३५ अंशांवर उकळणारं ईथर वापरलं. १९७१ साली तो अर्क उंदरांत आणि माकडांत पूर्ण यशस्वी ठरला, १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन वेगळं झालं, २०१५ मध्ये नोबेल मिळालं. जोतिबाला वाहतात तो दवणा याच आर्टेमिसिया प्रजातीतला. पण आर्टेमिसिनिनसाठी लागवड होते ती अॅन्युआचीच.

धारवाड-बेळगाव पट्ट्यात विद्यापीठांचे वनस्पतिशास्त्र विभाग आहेत, बेळगावात पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची संस्था आहे. तिथे काम करणाऱ्या तरुणांना एवढंच सांगणं : गावातल्या जाणत्यांकडून झाडाचं नाव लिहून घेताना साल कधी काढतात, भिजवतात की उकळतात, हेही लिहून घ्या.

आणि वाचकहो, थंडी वाजून ताप आला तर काढ्यावर थांबू नका. ताप उतरला तरी रक्त तपासून घ्या.

(पुढील आठवड्यात : काडेचिराईत)